आधी सांगा, मग पाहा: एअर रायफलकडे परत येताना

कॉलेजात एनसीसी केलेली, फायरिंगला गेलेली, पुढे वर्ष-दोन वर्षं दहा मीटर एअर रायफल नेमानं खेळलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मग नोकरी लागते, बदल्या होतात, मुलांच्या शाळा सुरू होतात आणि बंदूक माळ्यावर जाते. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, तेव्हा आमच्या कोल्हापुरात अशी कितीतरी माणसं एकमेकांना सांगत होती, "आम्हीपण मारायचो की!" हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. मी त्यांच्यातलीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पुन्हा रायफल धरली आणि आज त्यात जे सुख आहे ते विशीत नव्हतं.

विशीत सगळा जीव स्कोअरमध्ये अडकलेला असायचा. मुलींची स्पर्धा तेव्हा ४० शॉटची होती (२०१८ पासून मुलींनाही मुलांसारखेच ६० शॉट झाले). प्रत्येक छर्रा म्हणजे किती गुण गेले एवढाच हिशेब. आता परत येणाऱ्याला मी एकच सांगते: स्कोअर काही महिने बाजूला ठेवा आणि 'कॉल' शिका. छर्रा सुटला त्या क्षणी, समोरच्या टार्गेट कार्डाकडे न बघता, तो कुठं लागला ते सांगायचं. मग बघायचं. या खेळातली खरी गोडी तिथं आहे. खालचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी बंदूक

माळ्यावरची जुनी ब्रेक बॅरल असेल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग दाबायची, तर ती खाली काढल्या काढल्या ओढू नका. दहा-पंधरा वर्षं पडून असलेल्या बंदुकीतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झालेला असतो. ट्रान्स्फर पोर्टमध्ये, म्हणजे नळी मोडल्यावर मागच्या बाजूला दिसतं त्या बारीक भोकात, सिलिकॉन चेंबर ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर बंदूक तोंड वर करून उभी ठेवा. शिलाई मशीनचं तेल तिथं चालत नाही. पिस्टननं हवा दाबली की आतली उष्णता एवढी वाढते की खनिज तेल पेट घेतं, मोठा आवाज होतो, धूर येतो आणि वॉशरची वाट लागते. दस्त्याचे स्क्रू आवळा. ते सैल असले की छर्रे वाट्टेल तिकडे जातात आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. स्प्रिंग ढिली पडली असेल तर बंदूक घरी खोलू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, मागचा ठोकळा सुटला तर तोंडावर येतो. ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं.

नवीन घ्यायची असेल तर दुकानात पहिला प्रश्न 'वेग किती' हा विचारू नका. ऑलिंपिकच्या दहा मीटरच्या रायफली छर्रा सेकंदाला जेमतेम १७०-१७५ मीटर वेगानं सोडतात. ताकद साधारण साडेसात-आठ जूल. कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं. जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे जास्त झटका, जास्त आवाज आणि नळी मोडताना खांद्याला जास्त त्रास. साठीकडे झुकलेल्या माणसानं हलकी स्प्रिंग आणि बरा चाप एवढं पाहावं.

कायद्याचं थोडक्यात: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी म्हणजे .१७७ कॅलिबरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा. बिल बंदुकीच्या पिशवीतच ठेवा आणि स्कूटरवर उघडी बंदूक घेऊन फिरू नका. पक्ष्यांवर, खारींवर, कुत्र्यामांजरांवर छर्रा झाडणं हा गुन्हा आहे आणि मला त्याची मनापासून चीड आहे. आपला खेळ कागदाशी आहे.

विकत घेण्याआधी एखाद्या रेंजवर तासाच्या भाड्यानं मारून बघा, हे सगळ्यांत शहाणपणाचं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडी आहे, कोल्हापुरात दुधाळी. पनवेलला ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी आहे. लहान शहरांतही आता दहा मीटरच्या खासगी रेंज निघाल्यात.

घरी दहा मीटर

गच्चीवर मारू नका. गच्चीच्या कठड्याला छर्रा अडत नाही आणि हुकलेला छर्रा शेजारच्या तीन घरांपलीकडे जाऊ शकतो. तळमजल्यावरची बोळ, लांब पडवी, नाहीतर परसातली भिंत शोधा. आमच्या घराशेजारून एक बोळ जाते, तिच्या टोकाला जुनी विटांची भिंत आहे. तिथं मी प्लायवुडची पेटी ठेवलीय. आत तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वरून पुढे झुकलेला, म्हणजे छर्रा आपटून खाली पडेल असा, आणि तळाला जुन्या चिंध्या. पेटीच्या मागे दोरीवर जाड गोधडी. बोळीत उघडणारं दार आतून कडी लावूनच मी सुरुवात करते. डोळ्यांवर चष्मा हवाच, बघणाऱ्याच्याही. आणि छऱ्यांऐवजी पोलादी गोळ्या कधीही वापरू नका, त्या उलट फिरून येतात.

उभं राहून मारायचं तर कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. अंतर फायरिंगच्या रेषेपासून कार्डापर्यंत टेपनं मोजा.

छर्रे शिशाचे असतात. मारताना चहा-बिस्किटं नाहीत, झाल्यावर साबणानं हात धुवायचे, पेटीतल्या चिंध्या पोरांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत.

छऱ्यांवर मात्र थोडा खर्च करा. कार्डासाठी चपट्या तोंडाचे घ्या, गोल तोंडाचा छर्रा कागद फाडतो आणि चपटा गोल, स्वच्छ भोक पाडतो. डबा उघडला की पांढऱ्या कागदावर थोडे पसरून बघा. छऱ्याचा मागचा घेर पातळ असतो, वाहतुकीत दबतो. दबलेले वेगळे काढा, ते सरावाच्या पहिल्या शॉटना वापरा. प्रत्येक बंदुकीला वेगळा छर्रा आवडतो. दोन-तीन कंपन्यांचे छोटे डबे आणा, टेबलावर कोपर टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच मारा आणि ज्याची भोकं सगळ्यांत जवळ पडतील तो ठेवा. साध्या प्रिंटरच्या कागदावर भोक नीट उमटत नाही, त्यामुळं छापील टार्गेट कार्ड नाहीतर जाड कार्डशीट वापरा.

चष्मा

याबद्दल कुणी बोलत नाही आणि परत आलेली निम्मी माणसं इथंच हिरमुसतात. चाळिशीनंतर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, धूसर दिसते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून तर मान वर-खाली करत काच शोधण्यातच दम जातो. माशी डोळ्यापासून हातभर ते मीटरभर लांब असते. डोळ्यांच्या डॉक्टरांना ते अंतर मोजून सांगा आणि फक्त नेमबाजीसाठी एकाच नंबरची साधी काच करून घ्या. सहसा दूरच्या नंबरात अर्धा प्लस वाढवला की काम होतं. माशी स्वच्छ दिसली पाहिजे. काळा गोल थोडा धूसर राहील, तो तसाच राहू द्या. मागे पीप साइट असेल, बारीक भोकातून बघायची, तर आणखी सोपं, कारण बारीक भोकामुळं जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

दुसरा डोळा मिटू नका. मिटला की दोन मिनिटांत गालाचे स्नायू थरथरायला लागतात आणि नेमाच्या डोळ्यालाही ताण येतो. चष्म्याच्या त्या काचेवर तीन सेंटिमीटर रुंदीची पांढरी पट्टी चिकटवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येतं.

कार्ड उलटं लावा

पहिले काही दिवस कार्डाची कोरी बाजू आपल्याकडे. गोल नाही, गुण नाहीत. खुर्चीवर बसा, समोर टेबल, टेबलावर तांदळाची छोटी पिशवी. पिशवीवर बंदूक टेकवायची नाही, आपल्या डाव्या हाताची मागची बाजू टेकवायची आणि उघड्या तळव्यावर रायफल ठेवायची. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली हात धरावा तशी, पकड नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे हलते, आणि हे सगळं छर्रा अजून नळीत असताना होतं. तिला आवळून धरलं की दर वेळी आवळणं थोडं कमी-जास्त होतं आणि छर्रा भलतीकडे जातो. मोकळी सोडली की ती दर वेळी एकसारखी हलते. जड सामन्याच्या रायफलवर शिकलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, पण पाच-पाच छर्रे दोन्ही तऱ्हांनी मारून बघा, कार्डच दाखवेल.

छर्रा भरताना एक हात नळीवर धरून ठेवा. उघडी नळी चाप लागून मिटली तर बोटं तुटतील इतक्या जोरात मिटते. छर्रा न भरता चापही ओढू नका, पिस्टनला पुढे हवेची उशी मिळत नाही आणि तो धातूवर आदळतो.

कोऱ्या कागदाच्या मधोमध मारायचे पाच छर्रे. किती दूर पडले हे बघायचं नाही, एकमेकांच्या किती जवळ पडले ते बघायचं. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा, त्यातून ४.५ मिमी वजा करा. हा आपला ग्रुप. साइटचे स्क्रू त्यानंतर फिरवा, आधी नाही.

उभं राहून

डावा खांदा कार्डाकडे, पाय खांद्याइतके लांब, अंग कार्डाला साधारण काटकोनात. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं का बघा. टेकत नसेल तर कंबर किंचित पुढे काढा. बंदुकीचं वजन दंडावर न येता हाडांवरून पायात उतरलं पाहिजे. स्पर्धेच्या रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, ते दंडावर पेलून कुणीच ६० शॉट मारू शकत नाही. सुरुवातीला उभं राहून थोडेच मारा. पाठ दुखली की त्या दिवसाचं संपलं.

आता एक तपासणी, जी मी अजूनही प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला करते. नेम धरा. डोळे मिटा. दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा. डोळे उघडा. माशी कुठं आहे? डावीकडे गेली असेल तर अंगाला तिकडेच जायचंय. हातानं ओढून मधे आणू नका. मागचा पाय दोन बोटं सरकवा आणि पुन्हा डोळे मिटून बघा. माशी आपोआप मधे येईपर्यंत पायच हलवायचे.

मग एक शॉट असा: श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. माशीभोवती काळा गोल धूसर तरंगतोय. तो तरंगणारच, त्याला दाबून थोपवू नका. चापाचा पहिला टप्पा आधीच ओढून घेतलेला असतो, आता बोटाच्या पेराला तो भिंतीसारखा टणक भाग लागतो. दाब वाढवत राहा. सहा-आठ सेकंदांत सुटला नाही तर बंदूक खाली घ्या. खाली घेतलेला शॉट वाया जात नाही. ओढून काढलेला जातो. सुटल्यावर दोन सेकंद तसेच उभे राहा, डोळा माशीवर. छर्रा सुटण्याच्या त्या क्षणी माशी कुठं होती ते चित्र डोळ्यांत राहतं. कॉल म्हणजे ते चित्र वाचणं.

कॉलची वही

आता कार्ड सुलटं लावा आणि एक वही घ्या. पानावर छोटे छोटे गोल काढा. शॉट झाला की कार्डाकडे न बघता गोलात टिंब द्या: 'आठ, दोन वाजता', म्हणजे आठ गुणांच्या कड्यात, घड्याळात दोन असतात त्या दिशेला. मग दुर्बिणीतून बघा आणि खरं भोक लाल पेनानं काढा. काळं टिंब आणि लाल टिंब जवळ आलं की कॉल बरोबर. छर्रा सातात गेला असला तरी.

दहा मीटरच्या कार्डावर दहाचं टिंब फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं. काळा गोल ३०.५ मिमी. छऱ्याचं भोक ४.५ मिमी. म्हणजे दहा मारणं म्हणजे छऱ्यानं त्या टिंबाला स्पर्श करणं. इतक्या बारीक गोष्टीत 'लागला का' हा प्रश्न माणसाला चिरडून टाकतो. 'मला कळलं का' हा प्रश्न उलट मोकळं करतो. सातात गेलेला छर्रा मला आधीच दिसला, 'सात, चार वाजता, चाप ओढला गेला', आणि कार्डावर तो तिथंच निघाला, तर त्या छऱ्याचा मला दहाइतकाच आनंद होतो. डोळा, बोट आणि मन त्या क्षणी एकत्र होते याची ती खूण असते.

माझी भाची रेंजवर शिकते. तिथं इलेक्ट्रॉनिक टार्गेट, छर्रा लागताक्षणी स्क्रीनवर आकडा येतो, दशांशासकट. एका शॉटला १०.९ पर्यंत. एका रविवारी घरी आली तेव्हा मी तिला कोरी वही दिली. पहिल्या शॉटनंतर तिनं सवयीनं मान बाजूला वळवली, स्क्रीन शोधली. मग म्हणाली, "मावशी, मला माहीतच नाही कुठं गेला ते." तिसऱ्या-चौथ्या छऱ्याला ती म्हणाली, "नऊ. आठ वाजता. थोडा खाली." मी दुर्बीण तिच्याकडे दिली. नऊचा आतला काठ, आठ आणि साडेआठच्या मधे. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. आता रेंजवर सरावाचे पहिले वीस शॉट ती स्क्रीनवर रुमाल टाकून मारते, प्रशिक्षकांची परवानगी घेऊन.

तुम्ही रेंजवर जात असाल तर हेच करा. कागदी कार्ड आणि हातानं फिरवायची चक्री असलेली लेन मिळाली तर आणखी छान. कार्ड हळूहळू जवळ येत असतं, तेवढा वेळ आपला कॉल मनात पक्का करायला मिळतो.

कधी कधी कार्डही नको वाटतं. तेव्हा दोऱ्याला खडूचे तुकडे बांधून पेटीच्या तोंडाशी टांगा. खडू फुटताना जो भुगा उडतो तो बघायला लहान पोरंही गप्प बसतात. आगपेटीच्या काड्या कार्डशीटच्या कडेला उभ्या खोचून मारल्या तर तोही चांगला सराव आहे, काडी जाडीला दोन-अडीच मिलिमीटर असते. जत्रेत फुग्यांवर मारायची हौस असेल तर जरूर मारा. तिथल्या बंदुकांच्या साइट वाकड्या असतात, म्हणून पहिल्या छऱ्याचा पूर्ण कॉल करायचा, तो कुठं गेला बघायचं आणि पुढचे तेवढं अंतर सोडून मारायचे.

पावसाळ्यात

आमच्याकडे जूनपासून हवाच ओली. मारून झाल्यावर नळी आणि पत्र्याचे भाग कोरड्या फडक्यानं पुसा, मग तेलाचा नुसता हात फिरवा. घामाचं बोट राहिलं तर दोन दिवसांत तिथं तांबूस डाग येतो. फोमच्या पेटीत बंदूक बंद करून ठेवू नका, फोम पाणी धरतो. कपाटात उभी, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, कपाटाला कुलूप. स्प्रिंग दाबलेली ठेवायची नाही, छर्रा भरलेला तर नाहीच नाही. नळीत रोज गज घालायची गरज नसते. ग्रुप अचानक पसरला, तेव्हाच फेल्टची गोळी दोन-तीनदा ढकलून काढा.

जोडीदार

एकट्यानं वही भरणं थोड्या दिवसांत मागं पडतं, म्हणून कुणीतरी जोडीला घ्या. आमच्याकडे दर रविवारी सकाळी दोघं-तिघं जमतात, एक निवृत्त शिक्षक, एक फौजेतून आलेले काका आणि मी. नियम सोपा आहे. प्रत्येकाचे दहा छर्रे. मारणाऱ्यानं मोठ्यानं कॉल द्यायचा, दुसऱ्यानं दुर्बिणीत बघायचं आणि मारणाऱ्याला काही सांगायचं नाही. कार्ड आणल्यावर कॉल आणि भोक एकाच कड्यात असेल तर एक गुण, वाजण्याची दिशाही बरोबर असेल तर आणखी एक. भोक दहात असो की पाचात, गुण तेवढेच. वीसपैकी बारा-तेराच्या पुढे नेमानं जायला लागलात की स्कोअर मोजायला सुरुवात करा.